बिनसंवादाच्या भूमिकेबद्दल, सुधीरला

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एवढंच म्हणालास की यंदाच्या नाटकात तुला एकही वाक्य नाही, आणि लगेच पावसापाण्याचं बोलायला लागलास. तुला लागलंय हे आवाजावरूनच कळत होतं. इतकी वर्षं तोंडाला रंग लावतोयस. हवालदार झालास, कारकून झालास, शेजारचे काका झालास, आणि आता हा मुका. त्यावर मला जे सांगायचंय ते फोनवर सांगून झालं नसतं. मला बोरिस कार्लॉफबद्दल सांगायचंय.

हे नाव तुला माहीत आहे. 'फ्रँकेनस्टाईन' चित्रपटातला चपट्या माथ्याचा, मानेत दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या असलेला तो राक्षस सगळ्या जगाने पाहिलाय. त्या रंगाखालचा माणूस मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म 23 नोव्हेंबर 1887, लंडनचा कॅम्बरवेल भाग. नऊ भावंडांतलं शेंडेफळ. आईबाप लहानपणीच अंतरले आणि थोरल्या भावंडांनी त्याला वाढवलं. वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. या मुलानेही परदेशी वकिलातीच्या नोकरीत जावं असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. एक भाऊ, जॉन, चीनमध्ये त्याच नोकरीत चढत गेला आणि पुढे सर झाला. विल्यम किंग्ज कॉलेजात नावाला शिकत होता आणि जीव सगळा नाटकात. त्यात बोलताना तो किंचित बोबडा, लहानपणी अडखळायचा, पाय थोडे फाकलेले, रंग सावळा. नायकाच्या कामासाठी कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

त्या सावळ्या रंगाचा धागा तुझ्या गावापर्यंत, नगरपर्यंत येतो. त्याची आई एलायझा सेरा मिलर्ड 1848 साली सुरतेला जन्मली. तिची सख्खी मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला बँकॉकला गेलेली, जिच्या आठवणींवरून पुढे ब्रॉडवेवर नाटक आलं आणि हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाले, तीच ही. ॲनाचा जन्म 1831 चा, अहमदनगरचा! बाप कंपनी सरकारच्या फौजेत साधा सार्जंट, आई इथेच वाढलेली, आणि आजी बहुधा इथलीच कोणी बाई, जिचं नावसुद्धा कागदोपत्री उरलेलं नाही. ॲनाचं लग्न झालं ते पुण्यात, 1849 च्या नाताळात. पुढे ती जन्मभर सांगत राहिली की आपण वेल्समध्ये जन्मलो. खरा जन्म उघडकीला आला तो 1970 च्या दशकात, ती जाऊन साठ वर्षं उलटल्यावर. गोऱ्यांच्या समाजात बाईला आणि तिच्या मुलांना निभावून न्यायचं होतं, त्यासाठी तिने तुझं गाव पुसून टाकलं. मला तिचा राग येत नाही. त्या काळात दुसरा रस्ता तिला कोणी ठेवला होता? पण कार्लॉफच्या चेहऱ्याकडे पाहताना, ते खोल काळे डोळे आणि गालांची ती हाडं पाहताना, मला दर वेळी ती नाव नसलेली खापरपणजी आठवते.

1909 साली हा पोरगा वकिलातीच्या परीक्षेचा नाद सोडून जहाजाने कॅनडाला गेला. तिथे शेतावर राबला, खड्डे खणले, कोळसा उपसला, ट्रामचे रूळ घातले. मधल्या काळात नाटक कंपन्यांना पत्रं पाठवत राहिला आणि नसलेला अनुभव छातीठोकपणे सांगत राहिला. ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्स गावी एका फिरत्या कंपनीने त्याला घेतलं. पहिल्या प्रयोगाची गोष्ट तो स्वतःच सांगायचा. पडदा उघडला तेव्हा पगार आठवड्याला 30 डॉलर होता, पडला तेव्हा 15 वर आला होता. तरी कंपनीने त्याला ठेवून घेतलं. बोरिस कार्लॉफ हे नाव त्याने त्याच सुमाराला घेतलं. प्रॅट हे आडनाव पोस्टरवर शोभेना म्हणून असेल, आणि घरच्या सरकारी अब्रूला धक्का नको म्हणूनही असेल.

मग गावोगावचे दौरे. 1912 च्या जूनअखेरीस कंपनी रेजायना शहरात असताना तिथे भयंकर चक्रीवादळ आलं, आणि हे नट हातात फावडी घेऊन पडकी घरं उपसायला लागले. पुढे नॉर्थ डाकोटातल्या मायनॉटला हार्डवेअरच्या दुकानावरच्या नाट्यगृहात एक कंपनी वर्षभर तळ देऊन राहिली, तिच्यात हा होता. प्रेक्षक तेच ते, म्हणून नाटक सारखं बदलायला लागायचं. एक पाठ होतं न होतं तोच दुसऱ्याची तालीम सुरू. सुधीर, तुला हे वेगळं सांगायला नकोच. नट घडतो तो इथेच, जिथे कोणी टीकाकार येत नाही आणि चुकलं तर पुढच्या रांगेतला माणूस तोंडावर सांगतो.

पहिलं महायुद्ध संपण्याच्या सुमाराला तो लॉस एंजेलिसला पोचला. गर्दीतला एक म्हणून सुरुवात झाली, आणि पुढची दहा-बारा वर्षं मूकपटांत त्याने जे मिळेल ते केलं. त्याच्या रंगामुळे निर्मात्यांना तो कोणत्याही देशाचा दाखवता यायचा. मेक्सिकन दरोडेखोर, अरब, फ्रेंच-कॅनडियन शिकारी, हिंदुस्थानी नवाब. किपलिंगच्या गोष्टीवरच्या 1921 च्या एका चित्रपटात तर तो अहमद खान झाला होता. खापरपणजीचं रक्त अंगात वाहतंय हे जगापासून झाकून ठेवायचं आणि त्याच रक्ताच्या रंगावर पोट भरायचं, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

या कामांनी घर चालत नव्हतं. मधे काम मिळेनासं झालं तेव्हा तो बांधकामाच्या सामानाचा ट्रक चालवायला लागला. जड पिंपं नि पोती स्वतः चढवायची, स्वतः उतरवायची. पाठीचं दुखणं त्याला आयुष्यभर पुरलं, त्याची सुरुवात या हमालीतली. तिशी कधीच मागे पडली होती. ट्रकवर असतानाही स्टुडिओतून निरोप आला की तो जायचा, दोन दिवसांचं काम असलं तरी जायचा.

त्या दिवसांतली एक भेट तो पुढे नेहमी सांगत असे. लॉन चेनी तेव्हा मूकपटांचा मोठा नट होता, शेकडो चेहरे करणारा. एकदा त्याने कार्लॉफला वाटेत गाडीत घेतलं आणि बोलता बोलता सांगितलं की जे दुसऱ्या कोणाला जमणार नाही किंवा कोणी करायला तयार होणार नाही, असं काहीतरी शोध आणि ते कर. हा सल्ला कार्लॉफने अनेक वर्षं नुसता बाळगला. वापरायची संधीच येत नव्हती.

ती आली बोलपट आल्यावर. तुरुंगातल्या कैद्यांवरचं 'द क्रिमिनल कोड' हे नाटक 1930 मध्ये लॉस एंजेलिसला झालं. त्यात गॅलोवे नावाच्या खुनी कैद्याची लहानशी भूमिका त्याला मिळाली. बोलणं कमी, वावर मोठा. हॉवर्ड हॉक्सने त्यावर चित्रपट केला तेव्हाही तीच भूमिका त्यालाच दिली. लोक आता विचारायला लागले, हा कोण?

मग जेम्स व्हेल, 'फ्रँकेनस्टाईन'चा दिग्दर्शक. हाही इंग्लंडचाच, डडलीच्या कामगार वस्तीतून आलेला. युनिव्हर्सल स्टुडिओच्या खानावळीत कार्लॉफ जेवत होता, व्हेलने त्याचा चेहरा पाहिला आणि बोलावून घेतलं. राक्षसाच्या भूमिकेसाठी स्टुडिओच्या डोक्यात आधी बेला लुगोसी होता, तो ड्रॅक्युला करून गाजलेला. ते जुळलं नाही. उरली ती बिनसंवादाची भूमिका, आणि श्रेयनामावलीत सुरुवातीला त्या पात्रासमोर नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. कार्लॉफचं नाव येतं ते शेवटच्या यादीत. तोवर त्याचे सुमारे 80 चित्रपट झाले होते.

आता रंगभूषेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुला त्यात रस आहे. जॅक पिअर्स हा मूळचा ग्रीक रंगभूषाकार. त्याने शस्त्रक्रियेची माहिती काढली आणि ठरवलं की मेंदू बसवायला राक्षस घडवणारा डॉक्टर कवटी वरून सपाट कापेल आणि डब्याचं झाकण उघडावं तशी ती उघडून पुन्हा पकडींनी बसवेल. म्हणून ते चपटं डोकं. कापूस आणि कलोडियन या चिकट द्रवाचे थर एकावर एक चढवायचे. रोज बसायचं चार तास, आणि काम संपल्यावर ते सगळं सोलून काढायला आणखी वेळ. रंग निळसर हिरवा, कृष्णधवल फिल्मवर प्रेताचा फिकटपणा यावा म्हणून. कोटाच्या बाह्या आखूड केल्या, हात लांब दिसावेत म्हणून. पायात मणामणाचे बूट.

आणि यात कार्लॉफने स्वतः दोन गोष्टी घातल्या. त्याला वाटलं की डोळे फार जागे, फार समजूतदार दिसतायत, नुकतंच जिवंत झालेल्याचे असे नसतात. म्हणून पिअर्सने पापण्यांवर मेणाचे जड थर दिले. दुसरं, त्याच्या तोंडात एका बाजूला खोट्या दातांचा पूल होता. तो काढून त्याने गाल आत ओढला, आणि त्या खड्ड्यावर पिअर्सने गडद छटा दिली. आपल्या शरीरात जे उणं होतं तेच त्याने कामाला लावलं. पुढे 1935 च्या दुसऱ्या भागात राक्षसाला बोलायला लावलं. बोलायचं तर पूल तोंडात हवा, म्हणून तो खड्डा गेला. नीट पाहिलंस तर दोन्ही चित्रपटांतला चेहरा वेगळा दिसेल. राक्षसाने बोलू नये असंच कार्लॉफचं मत होतं. तो भांडला, पण कोणी ऐकलं नाही. दुसरा भाग मला फार आवडतो, तरी या बाबतीत मी त्याच्याच बाजूचा आहे.

आता तो उजेडाचा प्रसंग. राक्षस पहिल्यांदा आत येतो तो पाठमोरा. हळूच वळतो, आणि कॅमेरा तीन झटक्यांत चेहऱ्याजवळ जातो. प्रेक्षक किंचाळले असतील ते इथेच. पण नट पाहायचा तर त्याच्या पुढचं पाहा. त्याला खुर्चीवर बसवतात. डॉक्टर साखळी ओढून छताचं झरोक्याचं दार उघडतो आणि वरून उजेड पडतो. राक्षस मान वर करतो. उजेड काय असतो हे त्याला माहीत नाही. तो उठतो आणि दोन्ही हात वर नेतो, बोटं पसरून, उजेड धरता येतो का ते पाहत. डॉक्टर झरोका बंद करतो. हात तसेच राहतात, क्षणभर, मग खाली येतात आणि तळवे डॉक्टरकडे वळतात. मागणारे तळवे. चेहऱ्यावर इतका लेप आहे की भुवई हलणार नाही, पापणी अर्धीच उघडते, तोंडात एक शब्द नाही. जे काही आहे ते मनगटाच्या त्या वळण्यात. मी हा तुकडा पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलाय. हात खाली यायच्या आधी तो किती थांबतो, तेवढ्यात सगळी भूमिका आहे. आणखी जरा थांबला असता तर ते दाखवणं झालं असतं.

तळ्याकाठच्या लहान मुलीचा प्रसंग तुला आठवत असेल. ती त्याला घाबरत नाही. फुलं देते, ती पाण्यावर कशी तरंगतात ते दाखवते. तो हसतो, चित्रपटभरात जेमतेम तिथेच. फुलं संपतात, आणि तीही तरंगेल अशा समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. चित्रीकरणाच्या वेळी कार्लॉफ व्हेलला विनवत होता की फेकणं नको, हळुवार ठेवू दे. व्हेलने ऐकलं नाही. मग सेन्सॉरने फेकण्याचा तुकडा कापला, आणि झालं भलतंच. कापलेल्या प्रतीत राक्षस मुलीकडे हात नेतो आणि पुढच्या प्रसंगात बाप तिचं प्रेत घेऊन चालत येतो. मधे काय झालं असेल ते प्रेक्षक मनाने भरतो, आणि मन फार वाईट भरतं. नटाने निरागसपणे केलेलं काम कात्रीने गलिच्छ करून टाकलं, आणि हे अनेक दशकं तसंच दाखवलं गेलं. 1980 च्या दशकात तो तुकडा परत जोडला तेव्हा कुठे त्या भूमिकेला न्याय मिळाला.

चित्रपट लागला 21 नोव्हेंबर 1931 ला. दोन दिवसांनी कार्लॉफला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण झाली.

शेवटच्या पवनचक्कीच्या प्रसंगात त्याला डॉक्टर झालेल्या कॉलिन क्लाइव्हला खांद्यावर घेऊन चढण चढायची होती, आणि व्हेलने ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. पाठ कायमची गेली. पुढे शस्त्रक्रिया झाल्या. एकदा तर त्या बुटांत आणि त्या लेपाखाली त्याने सलग 25 तास काम केलं. तेव्हा हॉलिवूडमध्ये नटाच्या कामाला तासांची मर्यादाच नव्हती. शनिवारी सुरू झालेलं काम रविवारी उजाडेपर्यंत चालायचं.

इथे मला तो सगळ्यात मोठा वाटतो. नाव झाल्यावर त्याला आपल्यापुरती सोय करून घेता आली असती. 1933 च्या मार्चमध्ये बँका बंद पडल्या आणि स्टुडिओंनी नटांचे पगार निम्म्यावर आणले. तेव्हा थोडे नट कोणाच्या तरी घरी गुपचूप जमायला लागले, आणि जूनअखेर स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेची नोंदणी झाली. स्थापनेच्या या माणसांत मोठे नायक-नायिका नव्हते. जवळजवळ सगळे चरित्र अभिनेते, आणि त्यांतले बरेच ब्रिटनचे. ॲलन मोब्रे होता, सुरुवातीचा खर्च त्याने पदरमोड करून केला. पांढऱ्या मिशांचा सी. ऑब्रे स्मिथ होता. आणि आपला कार्लॉफ, सभासद क्रमांक 9. उघडकीला आलं तर काम जायची भीती, म्हणून सेटवर हळूच एकेकाला गाठून सभासद करायचं. स्टुडिओंनी संघटनेला मान्यता दिली 1937 मध्ये. मेकअपच्या खुर्चीत चार तास बसणारा हा माणूस गर्दीतल्या नटाच्या जेवणाच्या सुट्टीसाठी भांडत होता. कारण ती गर्दी त्याने आतून पाहिली होती.

ऑब्रे स्मिथचं नाव निघालंच आहे तर सांगतो, हा इंग्लंडचा कसोटी कर्णधार! 1889 साली पोर्ट एलिझाबेथला एकच कसोटी खेळला, कप्तान म्हणून, आणि डावात 19 धावांत 5 बळी घेतले. 1932 मध्ये त्याने हॉलिवूड क्रिकेट क्लब काढला आणि तिथल्या ब्रिटिश नटांना रविवारी मैदानावर आणलं. कार्लॉफही पांढरे कपडे घालून खेळायचा.

1933 साली 'द घूल' या चित्रपटासाठी तो लंडनला गेला. 1909 नंतर पहिल्यांदाच. त्याला धाकधूक होती की सरकारी हुद्द्यांवरचे भाऊ आपली लाज वाटून घेतील. छायाचित्रकार आले, आणि हे वयस्क प्रतिष्ठित भाऊ त्याच्या शेजारी कोण उभं राहणार यावरून ढकलाढकली करायला लागले. फोटो झाल्यावर प्रत्येकाला आपली एक प्रत हवी! हे वाचताना मला फार बरं वाटलं.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. 1932 ला 'द ममी' आला होता, त्यात तर रंगभूषेला आठ तास. मग साचेबंद वेड्या शास्त्रज्ञांची रांग लागली. पैशासाठी केलेली कामं त्यांत पुष्कळ आहेत आणि ती कमी प्रतीची आहेत. पण 1945 चा 'द बॉडी स्नॅचर' चुकवू नकोस, तिथे त्याच्या गोड बोलण्यानेच अंगावर काटा येतो. 1941 ला ब्रॉडवेवर त्याने 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' केलं. त्यातला खुनी एकाला मारतो, का, तर तू कार्लॉफसारखा दिसतोस असं तो म्हणाला म्हणून. आणि हे वाक्य खुद्द कार्लॉफच्याच तोंडी. 'पीटर पॅन'मध्ये तो कॅप्टन हुक झाला. मुलं त्याला कधीच घाबरली नाहीत. मुलांसाठी त्याने पुष्कळ गोष्टी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यातल्या एकीला 1968 मध्ये ग्रॅमी मिळालं. बोबडा म्हणून ज्याला हिणवलं जायचं, त्याच्या आवाजाला.

शेवटी फुप्फुसं गेली होती, पायाला पट्ट्या, बराच वेळ चाकाच्या खुर्चीत, बाजूला प्राणवायू. तशात ऐंशीच्या घरात त्याने पीटर बोगदानोविच या नवख्या दिग्दर्शकाचा 'टार्गेट्स' केला. भूमिका, निवृत्त होऊ पाहणाऱ्या भयपटांच्या म्हाताऱ्या नटाची. त्यात समारा शहरात मृत्यूशी होणाऱ्या भेटीची जुनी गोष्ट त्याला एका दमात सांगायची होती. त्याने ती पहिल्याच टेकमध्ये सांगितली, आणि सेटवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरही, 2 फेब्रुवारी 1969 ला इंग्लंडमध्ये जाईपर्यंत, मिळेल ते काम तो करतच होता.

1931 चा चित्रपट पाहायला घेशील तेव्हा प्रत तपासून घे, तळ्याचा प्रसंग पूर्ण असलेलीच हवी. आणि उजेडाच्या प्रसंगातल्या हातांबद्दल तुला काय वाटलं ते सविस्तर लिही. तो थांबा त्याने मोजून घेतलाय की त्या क्षणी आपसूक आलाय, यावर माझं अजून नक्की होत नाही. तू रोज उभा राहणारा माणूस आहेस, तुला कळेल.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक